स्लॅब हलला पाहिजे

कंत्राटं सांभाळणाऱ्या माणसानं फार चौकस असू नये, असं माझे पहिले साहेब सांगायचे. नकाशात काय आहे ते बघायचं, जागेवर काय झालंय ते बघायचं, जुळलं की सही, नाही जुळलं की पत्र. मला मात्र हे इथेच का आहे, कुणी ठेवलं, आधी काय होतं, असं विचारत बसायची खोड आहे. साइटवरचे लोक मला पाठीमागे ‘चौकशी आयोग’ म्हणतात. ते मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शहराच्या कलासंकुलाच्या आवाराचं काम माझ्याकडे आलं. एका बंद पडलेल्या कंपनीच्या जागेवर हे संकुल उभं राहत होतं. नाट्यगृहाची इमारत दुसऱ्या लोकांकडे होती. माझ्याकडे इमारतीभोवतीचं सगळं: पायवाटा, झाडं, पार्किंग, उघडा रंगमंच, पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी. त्यासाठी दोन करार होते. आराखडा करणार पुण्याच्या एक वास्तुविशारद बाई आणि बांधणार चाकणकडचा एक कंत्राटदार, ज्याचं उभं आयुष्य कंपन्यांच्या शेड आणि मशिनांचे पाये बांधण्यात गेलं होतं. बाई नकाशावर लिहायच्या, ‘या दगडांवर शेवाळ येऊ द्यावे.’ कंत्राटदार मला फोन करायचा, "मॅडम, शेवाळ कुठल्या बाबीत धरू? आणि आलंच नाही तर जबाबदारी कुणाची?" या दोघांच्या मध्ये मी.

आराखडा करण्याआधी जागा कोण कशी वापरतं याची पाहणी करायची, हे बाईंच्या करारातच होतं. ती अट मीच घातली होती आणि तिचा मला अभिमान होता. बाईंची माणसं तीन रविवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत कागद घेऊन बसली. पुढच्या फाटकापाशी भेळवाले, कट्ट्यावर पेन्शनर, मोकळ्या जागेत क्रिकेट. मागच्या कोपऱ्यात मात्र एक बंद पंपघर आणि त्याला लागून कमरेएवढ्या उंचीचा एक जुना सिमेंटचा चौथरा, एवढंच. तो चौथरा म्हणजे कंपनीच्या जुन्या पाण्याच्या टाकीचा स्लॅब होता. तीन रविवारात त्यावर एक कुत्रं झोपलेलं दिसलं. नकाशावर त्या चौथऱ्यावर लाल फुली पडली आणि त्या जागी जनरेटर आला. मी सही केली.

चौथरा फोडायचा ब्रेकर शुक्रवारी सकाळी येणार होता. शेजारी एक मोठा शिरीष आहे, त्याची मुळं चौथऱ्याखाली गेलीत का हे बघायला मी आदल्या दिवशी गेले. गुरुवारी आमची साइट बंद असायची. आमच्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि मशिनं बंद असतात तेव्हाच कंपन्यांच्या आतली दुरुस्तीची कामं निघतात. त्यामुळे आमच्या कंत्राटदाराची सगळी माणसं गुरुवारी कुठल्या ना कुठल्या कंपनीत शिरलेली असत. साइटवर वॉचमन सोडून कुणी नसणार असं मी धरून चालले होते.

मागच्या कोपऱ्यातून हलगी ऐकू आली.

चौथऱ्यावर वीस-बावीस माणसं अनवाणी लेझीम खेळत होती. बाया होत्या, पुरुष होते, एक-दोघांच्या अंगावर कंपनीचे शर्ट तसेच होते. चौथऱ्याच्या कडेला सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते, पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी. ते शिकवणारे आहेत हे लगेच कळत होतं. नवल एवढंच, की ते सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. तोंड शिरीषाकडे, डोळे मिटलेले.

आणि तसेच उभ्या उभ्या ते ओरडले, "तिसऱ्या वळीतला, डावीकडनं दुसरा! टाच मागं ऱ्हातीय!"

मी बघितलं. तिसऱ्या ओळीतला डावीकडून दुसरा माणूस ओशाळला आणि पाय सावरू लागला.

आता यात माझा आयोग बसल्याशिवाय कसा राहणार? मी आधी आरसा शोधला. झाडाला काही टांगलेलं नव्हतं. मग वाटलं, इमारतीच्या काचेत दिसत असेल. पण काचांवर अजून प्लास्टिक होतं. मग वाटलं, लेझमीचा आवाज ऐकून ओळखत असतील, वीस लेझमींतून एक. तसे कान असतात काही लोकांना. तासभर मी झाडामागे चोरासारखी उभी होते. तेवढ्यात त्यांनी सात जणांना पकडलं आणि सातही बरोबर निघाले.

खेळ थांबल्यावर मी मागून जाऊन म्हटलं, "नमस्कार मास्तर." उत्तर नाही. पुन्हा जोरात म्हटलं. नाही. माणूस घमेंडी दिसतो, असं मी मनात म्हणते आहे तोवर एक बाई हसत पुढे आली. चाळिशीची, तळवड्यातल्या एका युनिटमध्ये वायरिंगच्या लाइनवर काम करणारी, नांदेडकडची. ती म्हणाली, "ताई, समोरून या. मास्तरांना ऐकू येत नाही. पस्तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या मशिनांच्या दणदणाटात, प्रेस शॉपला काढली त्यांनी."

म्हणजे माझा कानांचा तर्कही गेला. मी समोर गेले आणि सरळ विचारलं, मग तुम्हाला कळतं कसं? मास्तरांनी माझ्या ओठांकडे बघून प्रश्न समजून घेतला आणि माझ्या पायांकडे बोट केलं.

"चप्पल काढा. हितं हुबं ऱ्हावा. डोळं मिटा."

मी उभी राहिले. त्यांनी हात वर केला, हलगी सुरू झाली आणि माझ्या तळपायातून काहीतरी वर चढलं. धक्का म्हणावा तर तसा नाही, कंप म्हणावा तर त्यात पावलं वेगवेगळी होती. पुढे जड, मागे हलकं, मध्येच एक चुकार. गुडघ्यापर्यंत ते पोचत होतं. मला त्यातलं कुणाचं काय हे काही उलगडलं नाही, पण तिथे उलगडण्यासारखं काहीतरी आहे एवढं नक्की कळलं.

"खाली टाकी हाय, मोकळी," मास्तर म्हणाले. "वर पाय पडला की ह्यो बोलतो. परतेकाचा पाय येगळा. आमी शाळेच्या पटांगणात गेलतो, देवळाच्या मंडपात गेलतो. समदी मुकी जमीन. ह्योच तेवढा बोलतो."

मी विचारलं, कानाचं यंत्र नाही का वापरत? त्यांनी खिशातून यंत्र काढून दाखवलं. "ह्याच्यात नुसता कलकलाट. सून काय म्हंती त्ये बी येतं आन् कुकर बी येतो, समदं एकदम. घरी मी गप बसून आसतो. बाई, बाकीचं सहा दिस मला काय ऐकू येत न्हाई. बेस्तरवारी येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्लॅब फुटणार होता आणि त्यावर माझी सही होती.

मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू. माझे बाबा आकुर्डीच्या एका कारखान्यात होते. त्यांची सुट्टी गुरुवारी आणि माझी शाळा रविवारी बंद, त्यामुळे आमचं एकत्र जेवण म्हणजे गुरुवारी रात्री. अख्खं लहानपण गुरुवारच्या हिशेबानं गेलेल्या मुलीनं या शहरातली माणसं मोजायला रविवार निवडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पुण्याच्या बाईंना दोष देता आला असता, पण त्यांना तारखा मीच कळवल्या होत्या. नोकरी लागल्यापासून मी रविवारची माणूस झाले होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ब्रेकर मी तिथूनच फोन करून थांबवला. कंत्राटदार म्हणाला, "का हो मॅडम?" मी म्हटलं, "लोक आहेत." तो म्हणाला, "लोक कुठले, मी तर कधी बघितले नाहीत." मी म्हटलं, "तुम्ही गुरुवारी कंपन्यांत असता, मी ऑफिसात असते. आपल्याला कसे दिसणार?"

पुढच्या आठवड्यात रचनेच्या, म्हणजे बांधकाम किती भार पेलेल हे ठरवणाऱ्या तज्ज्ञांना घेऊन टाकीत उतरले. जुन्या टाकीत खालून बघितल्यावर स्लॅबच्या सळया उघड्या पडलेल्या, गंजून सुतळीएवढ्या झालेल्या. तज्ज्ञांनी हातोडीनं टिचकी मारली तर पोपडा निघून हातात आला. "हा स्लॅब उभा आहे हीच मेहेरबानी," ते म्हणाले. "वीस माणसं नाचतात याच्यावर? आजच्या आज बंद करा."

मी मास्तरांना हे सांगायला गेले तेव्हा नांदेडच्या बाई सोबत होत्या. मास्तरांनी ऐकून घेतलं, म्हणजे ओठांवरून वाचून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर हाय. मानसं पडली तर काय करता. फोडा." थोड्या वेळानं म्हणाले, "ह्यांना दुसरा मास्तर बघा. मला आता जमायचं न्हाई."

बाई फणकारल्या, "दुसरा मास्तर कशाला? आम्ही काय टीव्हीवर नाचायला शिकतोय का?" पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जुना स्लॅब वाचणार नाही हे तिघांनाही कळलं होतं. आता प्रश्न एवढाच होता, की बोलणारी जमीन दुसरी करता येते का? हे कुणाला विचारायचं तेही मला माहीत नव्हतं. बांधकामाच्या शिक्षणात जमीन गप्प कशी ठेवायची तेवढंच शिकवतात.

सुचलं ते साधंच होतं. आमच्या करारात पावसाच्या पाण्याची टाकी होतीच, पार्किंगच्या खाली. तीच टाकी मागच्या कोपऱ्यात, जुन्या टाकीच्या जागी आणायची आणि जनरेटर पार्किंगच्या बाजूला न्यायचा. टाकीची खोली वाढवायची, म्हणजे पाणी भरलं तरी वर पुरुषभर पोकळी राहील. नवी बाब नाही, फक्त जागेची अदलाबदल. पुण्याच्या बाई आधी चिडल्या. त्यांचा जनरेटर झाडाआड सुंदर लपला होता. मी त्यांना एवढंच म्हटलं, "एका गुरुवारी या, आणि सहज काढता येतील अशा चपला घालून या." तोवर मास्तरांचा वर्ग बंद झाला होता, पण जुना स्लॅब फोडण्याआधी तज्ज्ञांनी खालून टेकू लावून एक अर्धा तास, पाचच माणसं, अशी परवानगी दिली होती. बाई पाच मिनिटं डोळे मिटून उभ्या राहिल्या. पुण्याला पोचायच्या आत त्यांनी गाडीतून निरोप पाठवला की नकाशा बदलते.

रचनेच्या तज्ज्ञांशी मात्र मला भांडावं लागलं. टाकीवरचा स्लॅब सुरक्षेत बसेल तेवढा पातळ ठेवा, म्हटलं. ते म्हणाले, पाच इंचांत बसवता येईल, पण लोक नाचले तर थरथरेल. "मजबुतीला धोका?" "धोका नाही, पण तक्रारी येतील." मी म्हटलं, "तक्रारी आल्या तर मी घेते. थरथरू दे." आणि मग बांधकामाच्या सूचनांमध्ये मी माझ्या नोकरीतलं सगळ्यात विचित्र वाक्य लिहिलं: या स्लॅबवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पावलांचा कंप जाणवला पाहिजे. लिहायला मला दोन दिवस लागले. वाचणाऱ्या प्रत्येकानं भुवया उंचावल्या, पण कुणी खोडलं नाही.

नवा स्लॅब ओतला त्या दिवशी मी पिंपरीत आढावा बैठकीत अडकले होते. आदल्या संध्याकाळी मी सळया तपासल्या होत्या, अंतर मोजलं होतं, सगळं नकाशाबरहुकूम. संध्याकाळी साइटवर पोचले तर कंत्राटदार पेढ्यांचा पुडा घेऊन उभा.

"मॅडम, तुमच्या लोकांसाठी स्पेशल काम केलंय," तो म्हणाला. "नकाशात पाचच इंच होता. म्हटलं, एवढी माणसं नाचणार, पाचानं काय होतंय? सकाळी कडेच्या फळ्या उचलल्या आणि आठ इंच टाकला. वर सळईची आणखी एक जाळी. माझ्याकडून. आता रणगाडा उभा करा."

मी म्हटलं, "अहो, सूचना वाचली नाही का? हलला पाहिजे असं लिहिलं होतं."

तो हसला. "वाचलं की. म्हटलं, घाईत उलटं लिहिलं गेलंय. स्लॅब हलला पाहिजे असं कोण लिहील?"

त्याला मी काय बोलणार? तीस वर्षं त्यानं प्रेसखाली, हॅमरखाली पाये घातले होते. जमीन जराशी हलली तर कंपनीचा साहेब बिल अडवतो आणि जास्त घातलं तर पाठ थोपटतो. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही कंत्राटदारानं हेच केलं असतं. आणि मी तरी काय वेगळी? आयुष्यभर मी कुणी कमी कुठे घातलंय हेच शोधत आले. सिमेंट कमी, सळई बारीक, खोली अपुरी. कुणी प्रेमानं जास्त घालेल ही शंका मला शिवलीही नाही. पेढा मात्र मी खाल्ला. अति तेथे माती हे त्याला त्या वेळी सांगणं बरं दिसलं नसतं.

मनात मी म्हणत होते, कदाचित चालेल. टाकी पोकळ आहे, काहीतरी पोचेल. टेकू निघाल्यावर पहिल्या गुरुवारी मास्तर आले. नवा सदरा घातला होता. स्लॅबला हात लावून तो कपाळाला लावला, पाठ करून उभे राहिले, डोळे मिटले. हलगी वाजली, बावीस माणसं खेळू लागली. मास्तर काही बोलले नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग ते हळूच वळले आणि सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. डोळे या पायावरून त्या पायावर पळत होते. एकेक चूक त्यांना दिसेपर्यंत ती निघून गेलेली असे. खेळणाऱ्यांनी काहीच झालं नाही असं दाखवलं आणि जीव तोडून बरोबर पाय टाकले. मला बघवेना.

जाताना ते मला म्हणाले, "चांगलं झालंय बाई. लई मजबूत हाय." पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. नांदेडच्या बाईंनी फोन केला तर सून म्हणाली, गुडघे दुखतात. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गुडघेच दुखत होते.

मी काम नामंजूर केलं. त्या पत्राच्या आधी तीन दिवस मी स्वतःशीच भांडत होते. चांगलं, नवं, भक्कम सिमेंट फोडा असं लिहिताना हात अडखळतो. आम्हा लोकांना ते पाप वाटतं. साहेबांनी विचारलं, कारण काय लिहिणार? मी लिहिलं, ‘जाडी नकाशाप्रमाणे नाही.’ ते म्हणाले, "जास्त आहे ना?" मी म्हटलं, "नकाशाप्रमाणे नाही म्हणजे नाही." त्यांनी सही करून पत्र पुढे पाठवलं.

कंत्राटदार तावातावानं ऑफिसात आला. "मजबूत केलं म्हणून नापास? भोसरीपासून चाकणपर्यंत हसतील मला लोक!" त्याचा राग खरा होता आणि मला तो पटतही होता. मी वाद घातला नाही. म्हटलं, येत्या गुरुवारी कंपनीची कामं तुमच्या माणसांवर सोडा आणि सकाळी एक तास मला द्या.

तो आला. मी त्याला बूट-मोजे काढून आठ इंचाच्या स्लॅबवर उभं केलं आणि मंडळींना खेळायला सांगितलं. "काय जाणवतंय?" "काही नाही. बघा कसा आहे, ठोकळा!" मग त्याच्याच साइटवरच्या स्लॅबच्या फळ्या आम्ही चार विटांवर टाकल्या. तो एका टोकाला उभा राहिला आणि नांदेडच्या बाई दुसऱ्या टोकाला चार पावलं खेळल्या. "आता डोळे मिटा."

त्यानं डोळे मिटले. बाई खेळत राहिल्या. मग तो म्हणाला, "आता डावा पाय पडला." पुन्हा म्हणाला, "आता उजवा." मग फळीवरून उतरला आणि मोजे घालता घालता म्हणाला, "माझे वडील पण प्रेसलाच होते. टीव्ही फुल लावून बसतात. आम्ही म्हणतो, म्हाताऱ्याला मुद्दाम त्रास द्यायचाय." बुटाची नाडी बांधून झाल्यावर म्हणाला, "तोडतो मॅडम. फक्त कुठं लिहू नका, मजबूत होता म्हणून तोडला."

फोडायला सहा दिवस लागले, इतकं ते काम चांगलं होतं. नवा स्लॅब ओतला तेव्हा मी सकाळपासून पट्टी घेऊन कडेला बसले होते. कंत्राटदार दर अर्ध्या तासानं विचारायचा, "थोडं वर घेऊ का? अर्धा इंच?" सवय. मी नुसती बघायची आणि तो हसून मागे फिरायचा.

मास्तरांना आणायला तो स्वतः मोटरसायकल घेऊन गेला. सुनेनं गुडघ्यांचं सांगितलं, तर म्हणाला, गुडघ्यांसहित नेतो. मास्तर उतरले ते काही उत्साहात नव्हते. एकदा फसलेला माणूस जसा येतो तसे आले. मंडळी ओळीत उभी राहिली. मी मोबाइलवर चित्रण सुरू केलं, पुराव्याची सवय.

मास्तरांनी पाठ फिरवली, डोळे मिटले आणि खेळ सुरू झाला. मग मास्तरांचा हात वर गेला.

"दुसऱ्या वळीत, उजवीकडनं तिसरी! उशिरा पडतोय पाय!"

दुसऱ्या ओळीत उजवीकडून तिसऱ्या म्हणजे नांदेडच्या बाई. मास्तर वळले तशा त्या लगेच म्हणाल्या, "चुकलं मास्तर!" सगळ्यांचे चेहरे फुलले. कंत्राटदारानं माझ्याकडे बघून मूठ वर केली. मी हसले, पण ओढूनताणून. त्या वेळी माझी नजर नेमकी त्या ओळीवर होती. बाईंचा पाय चुकला नव्हता.

खेळ संपला, बाईंना सुट्टी असून ओव्हरटाइमला बोलावलं होतं म्हणून त्या लगबगीनं गेल्या. चहा घेताना मास्तर माझ्याजवळ सरकले.

"तिचा पाय चुकला न्हवता. व्हय ना?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण ते माझ्या तोंडाकडेच बघत होते. मी मान हलवून हो म्हटलं. मग विचारलं, "तुम्हाला पायातून कळलं?"

"पायातनं न्हाई कळलं. ती लगीच ‘चुकलं’ म्हणाली, तवा कळलं." मास्तर हसायला लागले. "आट वरसं झाली बाई. खरी चुकली की ती भांडती. एक डाव बी कबूल केलेलं न्हाई तिनं." मग स्लॅबकडे बघून म्हणाले, "येतंय पर. कायतरी येतंय. भाषा येगळी हाय ह्याची. शिकायला येळ लागंल."

मी पुढचे सगळे गुरुवार जात राहिले. ऑफिसात सांगितलं, झाडांची पाहणी. मास्तर ओरडायचे, कधी बरोबर, कधी चूक. ते वळले की ज्याला पकडलं तो मुकाट्यानं कबूल करायचा, बाई तर पहिल्या. मास्तर प्रत्येक वेळी ओठ घट्ट मिटून घ्यायचे. त्यांना काय वाटत असेल हे मला चांगलं कळत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. जाडी बरोबर होती, सळई बरोबर होती, माझ्या हातातलं सगळं संपलं होतं.

पाचवा की सहावा गुरुवार असेल. हलगी रंगात आली होती. मास्तर ओरडले, "दुसऱ्या वळीत, उजवीकडनं तिसरी! बैठकीतनं उठताना टाच वढतीय!"

बाई जागच्या जागी थांबल्या. लेझीम खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि मास्तरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी? माझी टाच? काही पण बोलू नका मास्तर! बाजूवालीची असेल!"

"तुझीच हाय."

"माझी नाही म्हणजे नाही! आठ वर्षं खेळतेय मी. माझीच टाच बरी दिसते तुम्हाला दर वेळी!"

हलगीवाला थांबला. मी घाईघाईनं मोबाइलवरचं चित्रण मागे नेलं. टाच ओढली गेली होती, डोळ्यांना सहज दिसेल इतकी. मी मान वर केली. बाई अजून भांडत होत्या, मास्तर त्यांच्यापेक्षा मोठ्यानं भांडत होते, बाकीचे वीस जण तोंडावर हात ठेवून उभे होते, आणि मला तिथे सगळ्यांसमोर रडू फुटलं.